मोटरहोमचा टप धुताना: कुठे चढायचं, कुठे नाही आणि काय लावायचं

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, टपावरची घाण खालून दिसत नाही. दिसतात ते भिंतींवर उतरलेले काळे ओघळ, खिडकीच्या चौकटीत बसलेली पांढरी भुकटी आणि ऑनिंगच्या, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या सावलीच्या छपराच्या, कापडावरचे डाग. बहुतेक जण भिंती घासून धुतात आणि पुढच्या पावसात ओघळ जसेच्या तसे परत येतात, कारण ते येतात वरून. म्हणून आधी टप, मग भिंती. क्रम उलटा केला की भिंती दोनदा धुवाव्या लागतात.

टप धुताना नुकसान होतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे माणूस पडतो. अमेरिकेत मोठ्या मोटरहोमची उंची 12 ते 13 फूट असते, कडेला कठडा नसतो आणि साबणाच्या पाण्याने रबरी पृष्ठभाग कमालीचा निसरडा होतो. दुसरं म्हणजे चुकीचं द्रावण किंवा जोराचं पाणी वापरल्याने टपाचं आवरण फुगतं, सांधे उचकटतात आणि पाणी आतल्या प्लायवूडमध्ये शिरतं. हे दुसरं नुकसान त्या दिवशी कळत नाही. काही महिन्यांनी छताला पिवळा डाग पडतो तेव्हा कळतं. त्यामुळे बादली भरण्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत: टप कशाचा आहे आणि त्यावर चढायचं की नाही.

टप कशाचा आहे

अमेरिकन मोटरहोमवर प्रामुख्याने चार प्रकारचे टप आढळतात: ईपीडीएम रबर (एक कृत्रिम रबर), टीपीओ (प्लास्टिकच्या जातीचं आवरण), फायबरग्लास आणि अॅल्युमिनियम. गाडीच्या माहितीपुस्तकात हे लिहिलेलं असतं. गाडी जुनी घेतली असेल आणि पुस्तक नसेल, तर हाताने ओळखता येतं. ईपीडीएम मऊ आणि रबरी लागतं, वरून पांढरं असलं तरी त्याची आतली बाजू काळी असते. एखाद्या व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) काठाशी आवरण कापलेलं असतं, तिथे ही काळी कड दिसू शकते. टीपीओ थोडं कडक, अधिक चकचकीत आणि कमी ताणलं जाणारं. फायबरग्लास होडीच्या अंगासारखं टणक. अॅल्युमिनियम टिचकी मारली की पत्र्याचा आवाज देतं.

ईपीडीएमवर बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर हळूहळू झिजतो, त्याची ही पूड. थोडी पूड येणं स्वाभाविक आहे आणि ती पूर्ण थांबेपर्यंत घासत बसणं चूक आहे, कारण प्रत्येक जादा घासण्याबरोबर चांगला थरही जातो. पांढऱ्याखालून काळा रंग डोकावू लागला असेल, तर तिथलं आवरण पातळ झालेलं आहे. तिथे धुलाई पुरे. तो भाग जाणकाराला दाखवून नवा लेप द्यायचा की आवरण बदलायचं हे ठरवा.

ईपीडीएमला पेट्रोलियमजन्य द्रव चालत नाहीत. रॉकेल, पेट्रोल, डिग्रीझर (ग्रीस काढायचं द्रावण), डांबर काढायची द्रावणं, पेट्रोलियम असलेली पॉलिशं, आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या तेलावर बनवलेले, सुवासिक आणि निरुपद्रवी वाटणारे क्लीनरसुद्धा. हे द्रव रबरात मुरतात, रबर फुगतं आणि खालचा गोंद सुटतो. मग टपावर फुगे येतात आणि ते परत बसत नाहीत. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय यावर विसंबू नका. घटकांची यादी वाचा, पेट्रोलियम डिस्टिलेट किंवा सिट्रस तेल दिसलं तर बाटली खाली ठेवा. टीपीओलाही हेच पथ्य पाळलेलं बरं. फायबरग्लास आणि अॅल्युमिनियम त्यामानाने सोसतात, पण त्यांच्यावरच्या सांध्यांतलं सीलंट (फटी बुजवणारा लेप) सोसत नाही. शेवटी गळती होते ती सांध्यातूनच.

तारेचा काथ्या, पॉलिशची पावडर, भांड्यांची खरखरीत घासणी हे कुठल्याच टपाला नको.

चढायचं की नाही

आमचं मत स्पष्ट आहे: खालून होण्याजोगं काम वर जाऊन करू नका. टपाची रुंदी साधारण 8 फूट असते. दोन्ही बाजूंनी चार-चार फूट पोचलं की काम झालं. छोट्या कॅम्पर व्हॅन आणि कमी उंचीच्या गाड्या संपूर्णपणे बाजूने धुता येतात. त्यासाठी शिडीपेक्षा घडीचा, सपाट पायरीचा, पाय पसरून उभा राहणारा प्लॅटफॉर्म चांगला, कारण लांब दांड्याचा ब्रश चालवताना दोन्ही हात लागतात आणि टेकवलेल्या शिडीवर दोन्ही हात सोडणं म्हणजे पडण्याची तयारी. शिडीच वापरायची असेल तर दांडा आखूड आणि हलका घ्या, एका हाताने चालवा, आणि कमरेच्या पट्ट्याचं बकल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ देऊ नका. बकल बाहेर गेलं म्हणजे तोल गेला. हात पुरत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवा.

काही टप माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेलेच नसतात. मागे शिडी लावलेली नसेल तर ती एक खूण समजा, पण शिडी आहे म्हणजे चढायला परवानगी आहे असंही नाही. माहितीपुस्तक पाहा किंवा बनवणाऱ्या कंपनीला विचारा. मागच्या त्या शिडीवर बहुधा वजनाची मर्यादा छापलेली असते, अनेक गाड्यांवर ती 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो असते. यात तुमच्या वजनाबरोबर हातातली बादलीही मोजायची. ही शिडी भिंतीत स्क्रूने बसवलेली असते. चढण्याआधी दोन्ही हातांनी ओढून पाहा. जरा जरी खुळखुळली तर वेगळी शिडी लावा.

वेगळी शिडी लावताना चाराला एक हा हिशेब धरा: 12 फूट उंचीवर टेकणार असेल तर पाया भिंतीपासून 3 फूट बाहेर. शिडीचं टोक टपाच्या कडेच्या वर 3 फूट असू द्या, म्हणजे टपावर पाऊल टाकताना आणि परत येताना धरायला काही राहतं. बरेच अपघात याच क्षणी होतात, टपावरून शिडीवर येताना. प्लास्टिकच्या पन्हाळीवर शिडीचा भार पडला तर पन्हाळ चेपते, म्हणून शिडीला स्टँडऑफ (शिडी भिंतीपासून दूर ठेवणारा आधार) लावा किंवा किमान जाड फोम गुंडाळा. जवळून विजेची तार जात असेल तर अॅल्युमिनियमची शिडी वापरू नका, फायबरग्लासची घ्या, आणि ओव्हरहेड तारेपासून स्वतः, शिडी आणि लांब दांडा असं सगळं किमान 10 फूट लांब ठेवा. तेवढं अंतर मिळत नसेल तर गाडी दुसरीकडे न्या.

एकट्याने हे काम करायचं नाही. दुसरा माणूस शिडी धरायला, पाइप द्यायला आणि भिंती ओल्या ठेवायला लागतोच. वारा सुटला असेल, दव असेल, आदल्या रात्री पाऊस पडून टपावर शेवाळ ओलं असेल, तर काम पुढे ढकला.

वर गेल्यावर जमेल तितकं बसून किंवा गुडघ्यांवर काम करा, गुडघ्याखाली फोमची गादी. पायात मऊ रबरी तळाचे, खडे नसलेले स्वच्छ बूट हवेत, कारण तळात अडकलेला एक खडा आवरणाला चीर पाडतो. कडेपासून दोन फूट आत राहा आणि पाठ कधीही कडेकडे करू नका, तोंड कडेकडेच असू द्या. कडेची पट्टी खालून शिडीवरून धुवायची. वजन विभागण्यासाठी प्लायवूडची फळी टाकण्याची पद्धत चांगली आहे, पण ती फक्त कोरड्या भागावर. साबणाच्या पाण्यावर फळी घसरते आणि माणसाला घेऊन जाते. सुरक्षा दोर बांधायला बहुतेक टपांवर भरवशाचं ठिकाण नसतं. एसीचं कव्हर, सोलर पॅनेलची चौकट, सामानाची जाळी यांना दोर बांधला तर खोटा धीर येतो, आधार मिळत नाही.

व्हेंट, स्कायलाइट आणि सोलर पॅनेलवर पाय ठेवू नका. उन्हाने जुनं झालेलं स्कायलाइटचं प्लास्टिक बिनसूचना फुटतं.

तयारी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, लेव्हलिंग जॅक (गाडी सपाट ठेवणारे टेकू) असतील तर टेकवा. माणूस वर हलतो तेव्हा स्प्रिंगवरची गाडी डुलते, आणि खाली न जाणवणारं डोलणं वर चांगलंच जाणवतं. सकाळची वेळ किंवा ढगाळ दिवस निवडा. तापलेल्या टपावर साबण मिनिटात सुकतो आणि डाग सोडतो.

एसीचा वीजपुरवठा बंद करा. काही पंखे आपोआप चालू होतात, तेही बंद करा. टपावरचे सगळे व्हेंट मिटवा. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजचा व्हेंट अनेकदा टपावर असतो, त्यावर आणि एसीच्या कव्हरच्या फटींत पाण्याची धार थेट मारायची नाही. ऑनिंग गुंडाळून घ्या. स्लाइड-आउट (गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारे भाग) असतील तर त्यांच्या माथ्यावरचा पालापाचोळा आधी काढा, तो तसाच आत ओढला गेला तर रबरी सील फाडतो. स्लाइडचे माथे शिडीवरून धुवा, त्यावर कधीही चढू नका.

अनेक कॅम्पग्राउंडवर गाडी धुवायला मनाई असते, ऑफिसमध्ये विचारून घ्या. घरी धुवत असाल तर फेसाचं पाणी रस्त्याच्या पावसाळी गटारात जाऊ देऊ नका. अमेरिकेत ही गटारं बहुतेक ठिकाणी थेट ओढ्या-नद्यांना मिळतात आणि कित्येक गावांत याला दंड आहे. गवताच्या बाजूला गाडी लावणं सोपं.

साहित्य फार नाही: लांब दांड्याचा मऊ केसांचा ब्रश, दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी, फवाऱ्याचं टोक असलेला पाइप, प्लास्टिकची खरवडणी, गाडी धुण्याचा किंवा भांड्यांचा सौम्य द्रव साबण, मास्किंग टेप आणि हातमोजे. टपासाठी मिळणारे खास क्लीनर चांगले असतात, पण तुमच्या टपाचं नाव बाटलीवर असलं पाहिजे. साबणाचं प्रमाण 10 लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 30 मिली. जास्त साबणाने जास्त स्वच्छ होत नाही, जास्त घसरतं आणि जास्त वेळ विसळावं लागतं.

प्रेशर वॉशर लागतच नाही. जोराची धार सीलंटच्या कडेखाली घुसते, आवरणाचा काठ उचलते आणि पाणी आत ढकलते. लांबून मारला तर चालतो असं सांगणारे बरेच भेटतील, पण वर वाकून उभं राहिलेल्या माणसाच्या हातात ते अंतर टिकत नाही.

धुलाई

आधी कोरडं झाडा. पानं, काड्या, सुकलेली माती मऊ झाडूने काढा. ओलं करून झाडलं तर त्याचा चिखल होतो. पक्ष्यांची विष्ठा मात्र कोरडी खरवडू नका, तिची धूळ श्वासात जाणं वाईट. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, मग ती पुसून निघते. हे करताना मास्क आणि हातमोजे घाला.

मग खालच्या माणसाने चारी भिंती, खिडक्या आणि गाडीचा पुढचा भाग पाण्याने भिजवायचा आणि वरचं काम संपेपर्यंत ओला ठेवायचा. कोरड्या भिंतीवर टपाची पूड ओघळली की ती रंगावर बसते. ओल्या भिंतीवरून ती वाहून जाते. इतकी साधी गोष्ट, पण बहुतेकांची भिंत खराब होते ती इथेच.

टपावर शिडीपासून सर्वांत दूरच्या टोकाला सुरुवात करा आणि शिडीकडे येत जा, म्हणजे तुमच्या पायाखाली कायम कोरडा भाग राहतो. एका वेळी 3 फूट बाय 3 फुटांचा तुकडा घ्या. 30 फूट लांब आणि 8 फूट रुंद टपाचं क्षेत्रफळ 240 चौरस फूट, म्हणजे साधारण 27 तुकडे. तुकडा भिजवा, साबण लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा, लगेच विसळा, पुढे सरका. साबण वाळू द्यायचा नाही. एक बादली साबणाची, दुसरी ब्रश विसळायला. दुसरीतलं पाणी करडं झालं की बदला, नाहीतर तीच घाण वाळूसारखी टपावर घासली जाते. पाइप खालच्या माणसाने सोडत-ओढत राहावं, टपावर त्याचं वेटोळं पडलं की पाय अडकतो.

व्हेंट, अँटेना आणि एसीच्या बुडाशी ब्रश नको, फडक्याने पुसा. तिथल्या सीलंटवर ब्रशचे केस अडकून पापुद्रे निघतात. सोलर पॅनेल उन्हात कायम वीज बनवत असतं, स्विच बंद केला तरी. त्याच्या जोडण्या ओढू नका, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. सकाळी साध्या पाण्याने आणि फडक्याने पुसलं की पुरे. पॅनेलखाली साचलेली पानं मात्र जरूर काढा, ती पाणी धरून ठेवतात.

साबणाने न निघणाऱ्या डागांपैकी बुरशीच्या काळ्या ठिपक्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच घ्या: चार लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट, आधी कोपऱ्यात लावून पाहा, मग दहा मिनिटं ओलं ठेवून विसळा. क्लोरीन ब्लीचचे थेंब खाली उतरून रंगीत पट्टे फिके करतात. ते कोणी वापरलंच तर व्हिनेगर, अॅसिडचे क्लीनर किंवा अमोनियाबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पाइन झाडाचा चीक बर्फाने कडक करून प्लास्टिकच्या खरवडणीने उचला. बेरीसारख्या फळांचे आणि पानांचे तपकिरी डाग रबरात मुरतात. साबणाने जेवढे गेले तेवढे गेले, बाकीचे ऊन फिके करतं. त्यांच्यामागे लागून आवरण झिजवू नका.

शेवटी टपावरून भरपूर पाणी सोडा आणि पन्हाळीची चारी तोंडं मोकळी आहेत का पाहा.

संरक्षक लेप द्यायचा असेल तर टप पूर्ण कोरडा झाल्यावर, तुमच्या टपासाठीचा, पाण्यावर आधारलेला द्या. लेप दिलेल्या टपावर त्या दिवशी पुन्हा पाऊल टाकू नका, तो ओल्या साबणापेक्षा निसरडा असतो.

धुतलेला टप तपासणं

आमच्या लेखी धुलाईचा खरा उपयोग हा आहे. घाणीखाली भेगा दिसत नाहीत, स्वच्छ टपावर दिसतात. लांबीच्या दोन्ही कडा, पुढचा-मागचा सांधा, प्रत्येक व्हेंट, अँटेना, शिडीचे स्क्रू, सोलरचे पाय या सगळ्यांभोवती सीलंटवरून बोट फिरवा. केसाएवढी भेग, उचललेली कड, बुडबुडा दिसला की शेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावा. स्क्रूभोवती तांबूस डाग असेल तर सीलंटखाली पाणी पोचलं आहे. गुडघ्याखाली टप मऊ लागला, दबून परत आला, तर खालचं लाकूड कुजलं आहे. त्या जागेपासून मागे सरका आणि तिथे पुन्हा भार टाकू नका.

दुरुस्तीला रबरी टपावर सिलिकॉन वापरू नका. ते नीट चिकटत नाही आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. आडव्या जागी स्वतः पसरणारं लॅप सीलंट, उभ्या जागी न ओघळणारं. जुनं सीलंट घट्ट असेल तर ते उकरू नका, सुटलेलं तेवढंच काढा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा आणि वरून नवा थर द्या. धुतल्या दिवशी सीलंट लावायची घाई नको, भेगेतलं पाणी सुकायला कोरड्या हवेचा एक दिवस द्या.

महाराष्ट्रातल्या कॅरॅव्हॅनबद्दल

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं आणि ट्रॅव्हलर मिनीबससारख्या गाड्यांवर बांधलेल्या कॅरॅव्हॅन आता इकडेही दिसतात. त्यांचे टप बहुधा पत्र्याचे किंवा एफआरपीचे (फायबरग्लासचे) असतात, त्यामुळे रबराचं पथ्य सांध्यांतल्या सीलंटपुरतंच, पण पत्र्यावर रंगाचा ओरखडा म्हणजे गंजाची सुरुवात, आणि समुद्रकिनाऱ्यावर ती फार लवकर होते. कोकणातून परत आलात की मीठ गोड्या पाण्याने उतरवा. मोठी धुलाई आणि सांध्यांची तपासणी मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. भर पावसात शेवाळ धरलेल्या टपावर कोणालाही चढवू नका. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे क्षारांचे ठिपके उरतात, म्हणून विसळल्यावर लगेच पुसून घ्या. सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी दिलीत तर प्रेशर गन टपावर, स्कायलाइटवर आणि एसीभोवती मारायची नाही हे आधीच सांगा. आणि शिडी लावण्याआधी वर बघा: आपल्याकडे गल्लीतून, पार्किंगवरून विजेच्या आणि केबलच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात.

धुलाईनंतर पहिला चांगला पाऊस झाला की आतून पाहणी करा. वरची कपाटं उघडून कोपरे, छताची कड, एसीची चौकट हाताने चाचपा. ओल लागली तर बरोबर तिच्या डोक्यावर छिद्र शोधत बसू नका. पाणी आतल्या लाकडावरून वाहत येऊन खालच्या बाजूला टपकतं, म्हणून डागापासून टपाच्या उंच बाजूकडे जात पहिला सांधा, पहिला व्हेंट, पहिला स्क्रू तपासा.